लिटरमागे सत्तावीस

मापसाहेबांनी हायब्रिड गाडी घेतल्याची बातमी इमारतीत कोणाला फोडावी लागली नाही. गाडी यायच्या तीन आठवडे आधीच ते काम त्यांनी स्वतः तळमजल्यापासून गच्चीपर्यंत उरकून टाकलं होतं. बातमीत मजकूर एकच: लिटरमागे सत्तावीस. कोणी रंग विचारला तरी सत्तावीस, कोणी एवढी लांब गाडी उभी कुठे करणार म्हणून विचारलं तरी सत्तावीस. दातांच्या डॉक्टरीणबाई लिफ्टमध्ये भेटल्या, तर त्यांनी काहीही विचारलेलं नसताना साहेबांनी चौथा मजला येईपर्यंत त्यांना सत्तावीस किलोमीटर ऐकवले.

दुसऱ्या कोणी हा आकडा सांगितला असता तर लोकांनी तो या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिला असता. पण मापसाहेब वजनमापे खात्यात निरीक्षक. बाजारातले काटे तपासायचे, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, खोटे असतील तर दुकानदाराला घाम फोडायचा, हा त्यांचा बावीस वर्षांचा उद्योग. साखरेची पिशवी नुसती हातात घेऊन ते 'चाळीस ग्रॅम कमी' म्हणायचे आणि ती चाळीस ग्रॅम कमीच निघायची. (एकदा अडतीस निघाली, तेव्हा पिशवीचं वजन धरलं नव्हतं, असं ते अजून सांगतात.) त्यामुळे त्यांच्या तोंडून आलेला आकडा म्हणजे शिक्का मारलेला आकडा, अशी इमारतीची समजूत होती आणि साहेबांची खात्री होती.

घरात वहिनींना साधी, छोटी, पेट्रोलची गाडी हवी होती. साहेबांच्या पत्नीला इमारत वहिनी म्हणते, आपणही तेच म्हणू. वहिनी रक्तपेढीत काम करतात. वर्षानुवर्षं काचेच्या नळ्या सांभाळल्यामुळे त्यांच्या हाताला घाई माहीत नाही, आणि तोंडालाही नाही. छोट्या गाडीचं त्यांनी एकदा सुचवलं आणि त्या गप्प बसल्या. त्यांचा भाऊ, म्हणजे साहेबांचा मेव्हणा, गप्प बसणाऱ्यांतला नव्हे. तो म्हणाला, "भाऊजी, छापलेल्या आकड्यातून थोडं वजा करायचं असतं. लग्न ठरवताना मुलाच्या सांगितलेल्या पगारातून करतात तसं."

हे साहेबांना लागलं. त्यांचं लग्न ठरताना सांगितलेला पगार खरा होता की नव्हता, हा विषय त्या घरात वीस वर्षं बंद होता. ते सोफ्यावरून उठून उभे राहिले. "पंचवीसच्या खाली आली, तर किल्ली हिच्या हातात देईन आणि मी बसनं ऑफिसला जाईन. जन्मभर." त्या 'जन्मभर'ची काही गरज नव्हती, पण शपथेला वजन यावं म्हणून माणूस टाकतो एखादा शब्द. मेव्हण्यानं लगेच मोबाईलमध्ये तारीख टिपून घेतली.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी शोरूममध्ये पुठ्ठ्याची हातभर किल्ली धरून फोटो झाला. मग टाय लावलेल्या विक्रेत्यानं एका मुलीला पुढे केलं. हायब्रिड चालवायची पद्धत जरा वेगळी असते, ही तुम्हाला समजावून सांगेल, चाळीस मिनिटं लागतील, असं तो अदबीनं म्हणाला. साहेबांनी मुलीकडे पाहिलं. ती जन्मायच्या आधीपासून ते गाडी चालवत होते. मला गाडी शिकवू नकोस, असं त्यांनी तिला सांगितलं, आणि टायवाल्याकडे वळून कबूल केलेलं पाच लिटर पेट्रोल टाकीत भरलंय का, एवढंच विचारलं. भरलंय, असं टायवाला म्हणाला. साहेबांनी पिशवीतून शिक्का मारलेलं लिटरचं माप काढलं.

पुढचा पाऊण तास शोरूमच्या मागच्या अंगणात दोन मेकॅनिक, एक रबरी नळी आणि साहेब यांनी टाकीतलं पेट्रोल मोजलं. चार लिटर आठशे भरलं. दोनशे मिलिलिटर कमी! मॅनेजरनं माफी मागितली आणि वर एक लिटर दिलं. या सगळ्या वेळात वहिनी त्या मुलीबरोबर नमुन्याच्या गाडीत बसल्या होत्या. दोघी एक चक्कर मारून आल्या, परत बसून काहीतरी बोलत राहिल्या. साहेबांनी लांबून पाहिलं आणि सीटकव्हरच्या रंगावरून चाललं असेल, असं गृहीत धरलं. मग कागदपत्रं आली. न वाचता सही करू नका, असं दुकानदारांना रोज बजावणाऱ्या साहेबांनी दोनशे मिलिलिटरच्या विजयाच्या भरात चौदा ठिकाणी सही ठोकली.

पहिली टाकी संपली. साहेबांनी भागाकार केला. पंधरा पूर्णांक आठ.

त्यांनी भागाकार पुन्हा केला, मग कॅल्क्युलेटरवर केला, मग ऑफिसातल्या हिशेबनिसाकडून करून घेतला. गणिताची चूक नव्हती, म्हणजे पंपाची असणार. दुसऱ्याच दिवशी साहेब खात्याचा बिल्ला लावून पंपावर अचानक तपासणीला गेले. पंप थेंबाथेंबाला अचूक निघाला. एखादा पंप अचूक निघाल्याचं इतकं दुःख त्यांना नोकरीत कधी झालं नव्हतं. नाइलाजानं त्यांनी त्याला शिक्का मारून दिला.

आता साहेब गाडी चालवत कशी होते, तेही सांगितलं पाहिजे. पेट्रोल वाचवायचं शास्त्र त्यांना वडिलांकडून मिळालं होतं. उतार आला की गाडी न्यूट्रल करायची आणि सिग्नलला थांबलं की बंद करायची, ही त्या शास्त्राची दोन कलमं. वडिलांची गाडी तशी चालली, साहेबांच्या आधीच्या दोन्ही गाड्या तशा चालल्या. या नव्या गाडीत भर म्हणून एक हिरवा दिवा होता. गाडी नुसत्या बॅटरीवर चालू लागली की तो लागायचा. तो साहेबांना बघवायचा नाही. एवढी महागाची बॅटरी, ती अशी रोजच्या रस्त्याला उडवायची? ती अडीअडचणीला हवी. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशांतून कोणी रोज चहा पितं का? म्हणून दिवा लागला रे लागला की ते पाय दाबायचे, इंजिन घरघरायला लागायचं, दिवा विझायचा आणि साहेबांचा जीव भांड्यात पडायचा. पुढे लाल सिग्नल दिसला की कचकन ब्रेक, आणि गाडी बंद.

वहिनी शेजारी बसून हे बघत. एकदा त्या म्हणाल्या, "अहो, त्या मुलीनं सांगितलं होतं, उतारावर बॅटरी आपोआप भरते, तेव्हा न्यूट्रल करायचं नाही म्हणून."

"गाडी कोण चालवतंय?"

"तुम्ही."

"मग झालं."

हा संवाद त्या महिन्यात तीनदा झाला. दुसऱ्यांदा तो ब्रेकवरून झाला आणि तिसऱ्यांदा हिरव्या दिव्यावरून. तिन्ही वेळा शेवट तोच. चौथ्यांदा वहिनींनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली.

सिग्नलला गाडी बंद करण्याचा एक तोटा होता. ही गाडी चालू असली तरी आवाज करत नाही, त्यामुळे ती बंद आहे की चालू, हे साहेबांना दर वेळी आठवावं लागे. एकदा मोठ्या चौकात हिरवा सिग्नल पडला आणि त्यांनी चालू गाडी चालू करण्यासाठी बटण दाबलं, म्हणजे अर्थातच बंद केली. मग पुन्हा दाबलं, पण घाईत ब्रेकवर पाय नव्हता, म्हणून पडद्यावर काहीतरी सूचना आली. मागे हॉर्नचा गजर सुरू झाला. चौकातला हवालदार येऊन म्हणाला, "साहेब, गाडी चालू करा." साहेब म्हणाले, ती चालूच आहे. हवालदारानं बॉनेटला कान लावला. "नाही हो, काहीच ऐकू येत नाही." साहेब म्हणाले, चालू असली की ऐकू येतच नाही. हवालदारानं दोन रिक्षावाल्यांना बोलावून गाडी कडेला ढकलून घेतली. ती तेव्हा बंदच होती, असं नंतर कळलं.

इमारतीत पंधरा पूर्णांक आठची कुणकुण लागली ती त्या हिशेबनिसामुळे. त्याची मावशी दुसऱ्या मजल्यावर राहते. त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे फिटरकाका चपला फटफटवत खाली आले. काका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले, त्याला अकरा वर्षं झाली, आणि तेव्हापासून इमारतीतलं एकही यंत्र त्यांच्या सल्ल्यावाचून बिघडलेलं नाही. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि निदान केलं, की गाडीला ओझं होतंय. एसी बंद ठेवा, पण काचाही लावून घ्या, नाहीतर वारा गाडीला मागे ओढतो. आणि अनावश्यक ते सगळं काढून टाका.

साहेबांना हे पटलं, कारण वजन हा त्यांचा विषय. जॅक निघाला, पायपुसणी निघाली, मागच्या सीटच्या उशा निघाल्या, जादा चाक निघून बाल्कनीत कुंड्यांशेजारी जाऊन बसलं. कप्प्यातलं दोनशे ऐंशी पानांचं माहितीपुस्तकही निघालं. ते साहेबांनी तळहातावर तोललं आणि म्हणाले, "सहाशे दहा ग्रॅम. उगाच." वहिनींनी ते उचलून आपल्या उशाशी ठेवलं.

चौथ्याच दिवशी साहेब घाऊक बाजारात अचानक तपासणीला निघाले असताना गाडी पंक्चर झाली. जादा चाक बाल्कनीत. ऊन डोक्यावर. अर्ध्या तासानं एक टेम्पो थांबला आणि चालकानं त्यांना बटाट्याच्या दोन पोत्यांच्या मधे जागा करून दिली. वाटेत तो फोनवर कोणाशी तरी प्रेमानं बोलला. साहेब बाजारात उतरले, तेव्हा प्रत्येक दुकानासमोर काटे पुसून, शून्यावर आणून मांडलेले होते, आणि ज्या व्यापाऱ्याची तपासणी करायची होती तो स्वतः पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता. टेम्पो त्याचाच होता. साहेबांच्या पाठीला चिकटलेली माती त्यानं स्वतःच्या रुमालानं झटकली. बावीस वर्षांत कमावलेला दरारा दोन पोत्यांच्या मधे चेंगरला, असं साहेब नंतर म्हणाले, आणि ते खरंच होतं.

मग त्यांनी शोरूम गाठलं. तिथे टोकन घ्यावं लागलं. टोकन देणारं यंत्र बिघडलं होतं, म्हणून रखवालदारानं कागदाच्या चिठ्ठीवर सात आकडा लिहून दिला. पाच नंतर एकदम नऊ पुकारला गेला. शेवटी एका काउंटरवरच्या तरुणानं गाडीला यंत्र जोडलं, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "गाडी एकदम ओके आहे सर. ड्रायव्हिंग हॅबिट." त्यानं यापुढे काही सांगितलं नाही, कारण नऊ नंतर दहा पुकारला गेला होता.

ड्रायव्हिंग हॅबिट! म्हणजे खोट आपल्या हातात? खोट्या काट्याचा प्रत्येक दुकानदार हेच म्हणतो, की काटा बरोबर आहे, तुम्हीच तिरके उभे आहात. त्या रात्री जेवणही न करता साहेबांनी सात पानी तक्रार लिहिली. मुद्दा एकच होता, आणि खरं सांगायचं तर तो चुकीचा नव्हता. तराजू विकणाऱ्यानं काटा शून्यावर कसा आणायचा ते गिऱ्हाइकाला शिकवलं पाहिजे, असा खात्याचा आग्रह असतो. मग सत्तावीसचा आकडा छापून गाडी विकणाऱ्यानं सत्तावीस काढायचे कसे, ते शिकवायला नको? शिकवायचं नसेल, तर आकडा तरी छापू नये.

कंपनीच्या ॲपमध्ये तक्रारीला पाचशे अक्षरांची मर्यादा होती. साहेबांनी तक्रारीचे अठरा तुकडे करून ती अठरा वेळा पाठवली. संगणकानं पहिली स्वीकारली आणि बाकीच्या सतरा 'हीच तक्रार आधी आली आहे' म्हणून बंद केल्या. पहिल्या तुकड्यात फक्त साहेबांचं नाव, पत्ता आणि हुद्दा होता. त्यावर 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभार' असं उत्तर आलं. मग त्यांनी सातही पानं कागदावर छापून इमारतीत सह्या गोळा केल्या. एकवीस झाल्या. त्यांतल्या तिघांकडेच गाड्या होत्या आणि फिटरकाकांनी दोनदा केली होती. पण मजकूर असा खणखणीत होता की शोरूमचा मॅनेजर हादरला. हायब्रिड घेतलेल्या सगळ्या ग्राहकांना दोन आठवड्यांत बोलावून शिकवणीचा वर्ग घेतो, आपण प्रमुख पाहुणे म्हणून या, असं त्यानं स्वतः फोन करून सांगितलं.

साहेब जिंकले होते. फक्त त्याच आठवड्यात ते पडले आजारी. बंद काचांच्या, बिनएसीच्या गाडीत घामानं भिजायचं आणि ऑफिसात पंख्याखाली बसून वाळायचं, याचा जो परिणाम व्हायचा तो झाला. आठ दिवस ते अंथरुणात होते. तेवढे दिवस गाडी वहिनींनी रक्तपेढीत नेली. जाण्याआधी त्यांनी जादा चाक बाल्कनीतून परत गाडीत ठेवून घेतलं आणि एसी सुरू केला. हे साहेबांना कोणी सांगितलं नाही, कारण त्यांचा ताप वाढला असता.

शनिवारी वर्ग भरला. चाळीसएक माणसं होती, फिटरकाका होते, चहा आहे असं कळल्यामुळे मेव्हणाही होता. साहेबांना पुढच्या रांगेत बसवलं, वहिनी तिसऱ्या रांगेत बसल्या. आरंभी साहेबांनी सात पानं वाचून दाखवली. शेवटचं वाक्य असं होतं की शिकवणं ही विक्रेत्याची जबाबदारी असताना या शोरूमनं मला एक मिनिटही शिकवलेलं नाही. टाळ्या पडल्या. साहेबांनी त्या मोजल्या नाहीत, पण अंदाज घेतला.

मॅनेजर उठला. माणूस सभ्य होता, त्याच्या हातात फाईल होती आणि ती उघडण्याची त्याला इच्छा नव्हती, हे दिसत होतं. "साहेब, तुमचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे," तो म्हणाला. "पण आमच्याकडे 'प्रशिक्षण मिळाले' असा कागद असतो. त्यावर सही आहे." त्यानं कागद वर धरला. सही साहेबांचीच होती, खालच्या दोन टिंबांसकट. चौदांपैकी नववी.

साहेब म्हणाले, सही असेल, पण शिकवलं कोणी नाही. तेव्हा भिंतीशी उभी असलेली ती मुलगी पुढे आली. "सरांना नको होतं," ती खालमानेनं म्हणाली, "पण मॅडमना मी पूर्ण चाळीस मिनिटं शिकवलं. त्यांनी वहीत लिहूनही घेतलं."

सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. मॅनेजरला वाटलं, आता विषय बदलावा. म्हणून त्यानं घाईनं पडद्यावर एक तक्ता लावला. चांगलं आणि वाईट चालवणं यांतला फरक दाखवणारा, नाव-नंबर झाकलेला, आदल्या दिवशी साहेबांच्याच फाईलमधून काउंटरवरच्या त्या तरुणानं तयार केलेला. मॅनेजरनं तो आधी पाहिला नव्हता. एकाच गाडीनं कंपनीच्या ॲपला परस्पर पाठवलेले दीड महिन्याचे रोजचे आकडे होते. पंधरा, सोळा, पंधरा, चौदा, अशी बुटकी काळी रांग लांबच लांब चालली होती, आणि मग एकदम आठ हिरवे खांब ताठ उभे: सव्वीस, सत्तावीस, सव्वीस, साडेसत्तावीस. मग काहीच नाही. खाली तारखा होत्या.

साहेबांनी तारखा वाचल्या. तापाच्या पहिल्या दिवसापासून आठव्या दिवसापर्यंत. बाकी कोणाला काही कळायच्या आत मेव्हण्यानं मोबाईल काढून कॅलेंडर उघडलं, हेही त्यांना दिसलं.

"या आठ दिवसांत कोणी चालवली असेल, त्या माणसानं उभं राहावं," फिटरकाका मागून म्हणाले. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

वहिनी उभ्या राहिल्या नाहीत. त्यांनी नुसतं साहेबांकडे पाहिलं. त्या नजरेत ना विजय होता ना दया. तपासणीच्या वेळी काट्यासमोर हात बांधून उभा असलेला माणूस बघतो, तसं त्या बघत होत्या. आता शिक्का मारायचा की नाही, ते साहेबांनी ठरवायचं होतं.

गेल्या दीड महिन्याचा सगळा वैताग आता रागवायला दुसरं कोणी उरलं नाही म्हणून साहेबांच्या स्वतःच्या अंगावर आला होता. पंप बरोबर, भागाकार बरोबर, गाडी बरोबर, बायको बरोबर. नाचता येईना अंगण वाकडं, असं मेव्हणा पुढे वर्षभर म्हणणार, हेही त्यांना आत्ताच ऐकू येत होतं. आजाराचं निमित्त करून घरी जाता आलं असतं. पण बावीस वर्षं दुसऱ्याच्या काट्यासमोर उभं राहून जो आकडा दिसेल तो मोठ्यानं वाचलेला माणूस, दिसलेला आकडा गिळणार कसा?

त्यांनी खिशातलं पेन काढलं. तक्रारीच्या सातव्या पानावर, एकवीस सह्यांच्या खाली, खात्याच्या भाषेत शेरा लिहिला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचला. "तपासले. काटा बरोबर आहे. खोट वापरणाऱ्याच्या हातात आढळली." मग तो शेरा सुरुवातीपासून पुन्हा एकदा मनात वाचून काढला, आणि त्याखाली सही केली. दोन टिंबांसकट.

"पण एक आहे," कागद मॅनेजरच्या हातात देताना ते म्हणाले. "शिकवल्याची सही घेत जाऊ नका. शिकल्याची घ्या. माझ्यासारखे आणखी असतील." मॅनेजरनं ते फाईलवर टिपून घेतलं. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत, पण दातांच्या डॉक्टरीणबाईंना पुढच्या सोमवारी लिफ्टमध्ये कोणी काही ऐकवलं नाही.

वर्ग संपल्यावर मेव्हणा जवळ आला. काही बोलणार, तेवढ्यात वहिनींनी त्याच्या हातात चहाचा दुसरा कप दिला आणि साहेबांना घेऊन बाहेर पडल्या. साहेब सवयीनं स्टिअरिंगच्या बाजूला गेले, दाराशी थबकले, वळसा घालून दुसऱ्या बाजूला आले आणि खिशातून किल्ली काढून त्यांनी ती वहिनींच्या तळहातावर ठेवली. शब्द म्हणजे शब्द. गाडीनं पंचवीसच्या वर दिले होते हे खरं, पण ते कोणाच्या हातात दिले, हा प्रश्न साहेबांनी काढला नाही.

"बसा," वहिनी म्हणाल्या. "बसस्टॉपपर्यंत सोडते."

गाडी आवाज न करता निघाली. हिरवा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. लांबवर लाल सिग्नल दिसताच वहिनींनी पाय उचलला, गाडी आपसूक मंदावत गेली, आणि त्या थांबतात न थांबतात तोच सिग्नल हिरवा झाला. पुढे उतार आला. साहेबांचा हात आपोआप मधल्या दांड्याकडे गेला. रस्त्यावरची नजर न काढता वहिनींनी त्या हातावर चापट मारली.

डाव्या बाजूला बसस्टॉप आला. पाच-सहा माणसं उभी होती. वहिनींनी गाडीचा वेग कमी केला नाही, आणि साहेबांनीही बसस्टॉप दाखवला नाही.